ठीक म्हणजे किती?

माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याचा उतार सिंककडे नसून गॅसकडे आहे, हे मला वास्तुशांतीच्या दिवशी कळलं. सांगणारे गृहस्थ जेवायला आले होते. आहेर वगैरे काही आणला नव्हता. त्यांनी खिशातून गवंड्यांकडे असते तशी छोटी पाणसळ काढली, ओट्यावर ठेवली, चष्मा कपाळावर सरकवून तिच्यातल्या बुडबुड्याकडे पाहिलं आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "पाणी इकडे साठणार. आत्ताच फोडून घ्या."

"अहो, आज शुभ दिवस आहे," सासूबाई म्हणाल्या.

"उतार दिवस बघून बदलत नाही," ते म्हणाले आणि पानावर जाऊन बसले. दोनदा मठ्ठा मागून घेतला.

ओटा आम्ही फोडला नाही. पाणी अजून गॅसखाली साठतं. रोज ते पुसताना मला त्यांची आठवण येते. दर वेळी प्रेमानेच येते असं नाही.

हडपसरच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात होते, तिथे ते क्वालिटीचे प्रमुख होते. आम्ही पंपांसाठी शाफ्ट आणि छोटे गिअर बनवत असू. बनवत असू म्हणजे कामगार बनवत, मी कच्चा माल आणत असे आणि हे गृहस्थ तयार माल नाकारत. सडपातळ अंगकाठी, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाराही महिने हातात छत्री. गाडी चालवत नसत, शिकलेच नव्हते. बसने येत. बसला उशीर झाला तर उशिराचं कारण कोणी विचारायच्या आत स्वतःच आपली अर्धी रजा मांडून मोकळे होत.

"चालेल" आणि "ठीक आहे" या दोन शब्दांवर त्यांचा राग होता. एखादा ऑपरेटर म्हणाला, "साहेब, माप ठीक आहे," की ते विचारत, "ठीक म्हणजे किती?" हा प्रश्न त्यांनी कारखान्यापुरता ठेवला नव्हता. मी एकदा बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या सहकारी मुलीला भेटून आले आणि सांगितलं, बाळ-बाळंतीण ठीक आहेत. "ठीक म्हणजे किती? बाळाचं वजन विचारलंत का?" विचारलं नव्हतं. "मग गेला होतात कशाला?"

त्यांना "कसे आहात?" विचारलं की ते "कशाच्या बाबतीत?" म्हणत. नवीन माणसाला हे भांडण वाटे. जुन्यांना माहीत होतं की ते खरंच विचारतायत आणि नेमकं सांगितलंत तर उत्तरही नेमकं मिळेल.

त्यांच्या शर्टाच्या खिशात लाल टॅगचा गठ्ठा असे. मालात दोष सापडला की त्यावर टॅग बांधायचा: वस्तू काय, दोष काय, पुढे काय करायचं, खाली सही. असे टॅग सगळ्याच कारखान्यांत असतात. आमच्याकडचा नियम मात्र कडक होता. ज्याने टॅग बांधला त्यानेच तो सोडायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, अगदी मालकांनीसुद्धा. एकदा मालकांनी घाईच्या ऑर्डरसाठी "मी सांगतो, सोडा" म्हटलं, तेव्हा यांनी गठ्ठाच त्यांच्यापुढे धरला. "मग हे आजपासून तुमच्या खिशात राहू देत." मालकांनी चहा मागवला आणि विषय संपला.

हा नियम पाळण्याचा सगळ्यात जास्त त्रास ज्यांना होई, ते प्रॉडक्शन मॅनेजर त्यांचे जिवलग मित्र होते. त्यांना सगळे नागपूरकर म्हणत. गाव खरं तर वर्ध्याकडचं, पण पुण्यातल्या माणसाला तिकडचं सगळं नागपूरच. अंगाने दणकट, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. लॉट अडकला की ते तावातावाने क्वालिटीच्या खोलीत शिरत.

"काहून अडवला हो माझा माल? ट्रक उभा आहे तिकडं!"

"ट्रक उभाच असतो. तो ट्रक आहे."

"अहो, केसाएवढा फरक आहे!"

"कोणाच्या केसाएवढा? तुमच्या की माझ्या?"

कामगार तेवढ्या वेळात चहा पिऊन घेत. भांडण ऐकण्यासारखं असे. पण इतकं ओरडूनही नागपूरकरांनी कधी एका टॅगला बोट लावलं नाही. आणि जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच टेबलावर. नागपूरकर आपल्या डब्यातला ठेचा यांच्या पोळीवर टाकत, हे तो बोटाने बाजूला सारत आणि थोड्या वेळाने तोच खात. दुसऱ्या कोणाला या टेबलावर जागा नव्हती असं नाही, पण बसून काही उपयोग नसे. ते दोघं बहुतेक वेळ बोलतच नसत.

नागपूरकरांना पिण्याची सवय होती. मध्यंतरी यकृताचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी खडसावलं आणि त्यांनी बायकोला शब्द दिला की आता थेंबही नाही. त्यानंतरही ते घेत होते, हे वहिनी सोडून सगळ्यांना माहीत होतं. यांनाही. रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला तर "हो, काल माझ्याकडेच होते, बुद्धिबळ खेळत होतो" असं हेच सांगत. आयुष्यात बहुधा हे एकच चुकीचं माप त्यांनी चालवून घेतलं. मी एकदा म्हटलं, "तुम्ही आणि खोटं?" तर म्हणाले, "तो माणूस मला एकच आहे."

दर वर्षी श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे आखाड पार्टी होई. आम्हाला कास्टिंग पुरवणाऱ्या एकाचं शेत दिवे घाटाच्या वर, सासवडकडे. दुपारी मटण, भाकरी, आणि पिणाऱ्यांसाठी विहिरीपलीकडे वेगळा मांडव. हे शुद्ध शाकाहारी आणि निर्व्यसनी, तरी दर वर्षी यायचे. स्टीलच्या डब्यात वरणभात आणि लिंबाची फोड. मांडवात पिणाऱ्यांच्या मधोमध बसून डबा खात आणि आचाऱ्याला जाळ कमी करायला सांगत. कोणी छेडलं, "साहेब, तुम्ही कशाला येता हो या पापात?" तर म्हणत, "परत जाताना एकाला तरी रस्ता दिसलेला बरा."

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी नागपूरकरांनी नवी गाडी घेतली होती. मोठी, उंच, पांढरी. जाताना मी आणि हे आमचे क्वालिटीचे साहेब त्यांच्याच गाडीतून गेलो. कारखान्याची बस जेवणं आटोपताच परत निघाली. आम्ही तिघं आणि पाच-सहा जण मागे राहिलो. साडेतीन-चारचा सुमार असेल. आभाळ खाली आलेलं, बुरबुर पाऊस सुरू. नागपूरकर मांडवातून बाहेर आले ते खुर्चीच्या पाठीला धरत. पण चेहऱ्यावर मजेत.

"चला मॅडम! घाटातलं धुकं दाखवतो तुम्हाले."

मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे द्या, मी चालवते."

"बायकोले देत नाही मी ही गाडी. तुम्हाले देऊ?"

"मग मी येत नाही."

"नका येऊ. फाट्यावर एसटी भेटते." आणि हसले.

मी तेवढ्यावर थांबले असते. मोठा माणूस, सांगून पाहिलं, ऐकत नाही, आपण आपल्या बसने जावं. बाकीच्यांचंही तेच चाललं होतं. यजमान म्हणाला, "काळजी नका करू मॅडम, साहेब घेतल्यावर जास्त चांगली चालवतात." एक जण म्हणाला, "दर वर्षीचंच आहे." दर वर्षी घाट सुखरूप उतरले, म्हणून या वर्षीही उतरतील, असा तो हिशेब.

हे हात धुऊन आले. डबा पिशवीत घातला. नागपूरकर गाडीत बसून इंजिन सुरू करत होते, दार उघडंच होतं.

"उतरा," हे म्हणाले.

"अरे, मी ठीक आहे!"

"ठीक म्हणजे किती?"

सगळे हसले. नागपूरकरही हसले. यांनी खिशातून लाल टॅग काढला, बोनेटवर ठेवून तो भरला आणि स्टिअरिंगला बांधला. मी वाकून वाचला. वस्तू: चालक. दोष: तोल नाही. पुढील कार्यवाही: उद्या सकाळी फेरतपासणी. खाली नेहमीची सही. हशा आणखी वाढला. मला वाटलं, झालं, सुटलो. आता नागपूरकर शिव्या घालत उतरतील, हा किस्सा वर्षभर पुरेल.

नागपूरकरांनी टॅग वाचला. मग एका झटक्यात तो फाडला आणि दाराबाहेर टाकला.

हसणं थांबलं. चिखलात पडलेल्या त्या लाल कागदाकडे आम्ही पाहत राहिलो. कारखान्याबाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. आम्हाला कळलं की समोरचा माणूस आता आपल्या ओळखीतला राहिलेला नाही.

हे मांडवात गेले, प्लास्टिकची एक खुर्ची उचलली आणि शेताच्या फाटकात नेऊन ठेवली. बाहेर पडायला तेवढाच रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी खांब. छत्री उघडली आणि गाडीकडे तोंड करून खुर्चीवर बसले.

नागपूरकरांनी गाडी फाटकापर्यंत आणली. हॉर्न दाबला. हे बसलेले. पुन्हा हॉर्न. गाडी इंचाइंचाने पुढे येऊ लागली. मी धावत गेले, आणखी एक-दोघे आले, "साहेब, नका, साहेब" करत. बंपर खुर्चीच्या पायाला टेकला आणि खुर्ची कर्रकन मागे सरकली. यांनी पाय चिखलात रोवले. छत्री हलली नाही.

"बाजूले हट बे!" नागपूरकर काचेतून ओरडले. इतक्या वर्षांत ते यांना अहो-जाहोच करत. "तुले कोण आहे रे घरी? मेला तर रडाले कोणी नाही, म्हणून बसला तू इथं! मले शिकवतो?"

ते खरं होतं. यांची बायको लग्नानंतर वर्षभरात माहेरी गेली ती आलीच नव्हती. कारखान्यात हे सर्वांना ठाऊक होतं आणि कोणी कधी तोंडाने म्हटलेलं नव्हतं.

"बरोबर आहे," हे म्हणाले. "मला कोणी नाही. म्हणून मला इथे बसणं परवडतं. तुझ्या घरी बायको आणि मुलगी, दोघी आहेत. उतर."

"नाही उतरत."

तेव्हा यांनी खिशातून फोन काढला. बटणांचा जुना फोन, आवाज इतका मोठा की चार हातांवरच्या माणसाला पलीकडचं बोलणं ऐकू यावं. नंबर लावायच्या आधी त्यांनी एकदा नागपूरकरांकडे पाहिलं. नागपूरकरांना कळलं असावं, कारण त्यांनी इंजिन बंद केलं आणि डोकं बाहेर काढलं.

"ए. तिले नको. तिले फोन नको लावू. तुले सांगतो, आपला संबंध संपन."

यांनी लावला.

"नमस्कार वहिनी. जेवण झालं? नाही, नाही, काही झालेलं नाही. म्हणून तर आत्ता फोन केला. झाल्यावर करून उपयोग नव्हता." यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "तुमचे यजमान प्यायलेले आहेत. हो. हो, याआधीही. बुद्धिबळ खोटं होतं. मला बुद्धिबळ येत नाही."

पलीकडून वहिनी म्हणाल्या, "त्यांना द्या."

हे खुर्चीवरून उठले, फोन खिडकीतून आत दिला आणि परत येऊन बसले. वहिनी हळू बोलल्या असाव्यात. आम्हाला काही ऐकू आलं नाही. नागपूरकर फक्त "हो" म्हणत होते. मग त्यांनी फोन सीटवर टाकला, किल्ली काढली आणि खिडकीतून जोरात भिरकावली. ती यांच्या छातीला लागून खाली पडली. यांनी ती उचलली, रुमालाने पुसली आणि माझ्या हातात दिली.

"घाट गिअरवर उतरवा. नुसत्या ब्रेकवर नको, तापतात."

नागपूरकर मागच्या सीटवर जाऊन बसले होते. मी पुढचं दार उघडून यांना म्हटलं, "बसा."

मागून आवाज आला, "तो बसत असन तर मी उतरतो."

हे सीटवरचा आपला फोन उचलत म्हणाले, "तुम्ही निघा. मला बस आहे."

मी निघाले. फाटकातली खुर्ची त्यांनीच बाजूला ओढली. वळताना आरशात दिसलं, ते छत्री धरून पावसात फाट्याच्या दिशेने चालत होते आणि डब्याची पिशवी पोटाशी धरली होती. घाटात खरंच धुकं होतं. पुढच्या ट्रकचे दिवे अगदी जवळ गेल्यावर दिसत. मी दुसऱ्या गिअरवर उतरले. मागे नागपूरकर रडत होते की झोपले होते, मी पाहिलं नाही. गाडी त्यांच्या दारात लावली, किल्ली वहिनींच्या हातात दिली आणि रिक्षा करून घरी आले.

सोमवारी एक लॉट नाकारला गेला. भांडण ऐकायला कामगारांनी चहाचे कप हातात घेतले. नागपूरकर आले, टॅग वाचला, कागदावर सही केली आणि निघून गेले. त्यानंतर ते रोज असंच करत गेले. एका शब्दाने कधी विचारलं नाही, काहून अडवला. क्वालिटीच्या दृष्टीने पाहिलं तर कामकाज सुधारलं होतं. डबा ते खिडकीकडच्या टेबलावर, अकाउंट्सच्या पोरांबरोबर खाऊ लागले. हे आपल्या जुन्या टेबलावर एकटे. मी कधी जाऊन बसे. ते काही म्हणत नसत, बसू नका असंही नाही.

कारखान्यातलं मत यांच्या विरुद्ध गेलं. किल्ली काढून घ्यायची होती, घरी सांगायची काय गरज? मित्राचं घर फोडलं म्हणे. घर फुटलं नाही. पण वहिनींनी काही महिने नवऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, एवढं माझ्या कानावर होतं. मी एकदा यांना सरळच विचारलं, "नुसती किल्ली घेऊन भागलं नसतं?"

"ती त्या दिवसापुरती. पुढच्या आखाडाला परत त्याच्याच हातात असती."

"पण मित्र गेला तुमचा."

"गेला नाही," ते म्हणाले. "तो बघा, तिकडे भात खातोय."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी हार घालून घेतला नाही. भेट दिलेलं घड्याळ कानाला लावून ऐकलं, आपल्या मनगटावरच्याशी ताडून पाहिलं आणि "पुढे आहे" म्हणून सांगितलं. नागपूरकर त्या दिवशी रजेवर होते.

मध्ये बरेच दिवस गेले. गेल्या महिन्यात आमचे क्वालिटीचे साहेब मला मंडईत भेटले. भेंडीच्या ढिगापाशी उभे होते, एकेक भेंडी उचलून, निरखून, बहुतेक परत ठेवत होते. बाई वैतागलेली होती. "काका, भेंडी घ्यायचीय का पोरगी बघायचीय?"

"पोरगी इतकी जून चालली असती," ते म्हणाले. ती हसली.

मला पाहून त्यांनी मान हलवली. मी कसे आहात विचारलं नाही. सांगितलं ते थेट सांगितलं. नागपूरकरांच्या मुलीची आणि माझी ओळख राहिली होती. ती हिंजवडीला नोकरीला आहे, तिचं लग्न ठरलं होतं, पंधरवड्यात साखरपुडा. तिने मला मुद्दाम विचारलं होतं की काकांना आणता येईल का. बाबांना ती आधी सांगणार नव्हती.

"तो पितो का अजून?" त्यांनी विचारलं.

"कधीतरी. वहिनींना सांगून."

"आणि गाडी?"

"घेतली असेल तर हात लावत नाहीत. मुलगीच सांगत होती, मागे एका लग्नात एक घोट घेतला आणि किल्ली हॉलच्या वॉचमनकडे देऊन आले. रिक्षाने घरी."

त्यांनी एक भेंडी टोकाला मोडली. कट्‌कन मोडली, ती पाटीत टाकली.

"माझं नाव काढतो?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "नाही. कोणी काढलं तर उठून जातात. मुलगी म्हणते, किल्ली देतानाही पुटपुटतात तुमच्या नावाने. चांगलं नाही काही."

"म्हणजे राग आहे अजून."

"आहे. पण तुम्ही साखरपुड्याला आलात तर जाईल. मला खात्री आहे. चार माणसांत, मुलीचं कार्य, ते काय भांडतील? याच तुम्ही. मी येते घ्यायला."

ते भेंड्या निवडत राहिले. मला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

"मुलीला आशीर्वाद सांगा," ते म्हणाले. "मी येत नाही."

"का? तुम्हालाही राग आहे?"

"मला कसला? मला तो हवाच आहे." भेंडी हातात तशीच राहिली. "पण हिशेब बघा. किल्ली हातात आली की त्याला राग येतो. राग आला की मी आठवतो. मी आठवलो की किल्ली सोडतो. मी जाऊन गळ्यात पडलो, तर राग जाईल. मग पुढच्या वेळी काय आठवेल त्याला?"

मी मनात गाडीपासून साडीपर्यंत सगळं ठरवून आले होते.

"असंच राहू द्यायचं?" मी म्हटलं.

"राहू द्या. तो आहे, ते पुरे." त्यांनी पाटी बाईपुढे सरकवली, तिने ती काट्यावर ठेवली आणि त्यांनी काट्याकडे पाहायला मान पुढे केली. "आणि जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

मी बाजूला झाले.